मॅगीने कविता जाळल्या नाहीत, म्हणजे विश्वासघात केला का?

शेवंती
नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणासाठी सध्या मॅसॅच्युसेट्सला आले आहे. नात सहा आठवड्यांची झाली, तेव्हा परवा जावई म्हणाले, "आई, आज तुम्ही जरा बाहेर पडा," आणि अ‍ॅमहर्स्टला अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचं घर दाखवून आणलं. तिची एक कविता मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवली, त्यामुळे सासरच्या कुणाकडे चालल्यासारखी साडी-बिडी नेसून गेले.

वरच्या मजल्यावर तिची खोली. भिंतीवर गुलाबांचा कागद, तो प्रसिद्ध पांढरा झगा, आणि लिहायचं टेबल जेमतेम दीड फूट चौरस. आमचा देवाचा पाट मोठा असेल. सगळे टेबलाचेच फोटो काढत होते. मला मात्र एक नाव चिकटलं ते सुटेना: मॅगी. मार्गारेट माहर. आयर्लंडमधल्या टिपरेरीची, १८६९ मध्ये या घरात कामाला लागली आणि तीसेक वर्षं राहिली. एमिलीच्या कविता म्हणे या मॅगीच्या ट्रंकेत असायच्या आणि "मी गेल्यावर जाळून टाक" असं तिला बजावलेलं होतं. तिने जाळल्या नाहीत.

घरी येऊन लेकीला सांगितलं, तर म्हणते, "मग हा विश्वासघातच की." बाळाला तेल लावताना डोक्यात तेच घोळतंय. हे खरं आहे का? आणि सख्खी बहीण घरात असताना कामवालीच्या ट्रंकेत कागद का ठेवावेत कुणी?

निळीशाई
शेवंतीताई, नातीला आशीर्वाद. बहीण लॅव्हिनियाची हकीकत वेगळी आहे. एमिली १५ मे १८८६ ला गेली. तिने सांगितल्याप्रमाणे लॅव्हिनियाने एमिलीला आलेली पत्रं जाळली, आणि मग आवराआवरीत कवितांचा साठा हाती लागला. हाताने शिवलेल्या वह्या आणि सुटे कागद. सगळ्या मिळून जवळजवळ अठराशे कविता, त्यातल्या जिवंतपणी छापल्या गेल्या दहाएक. पहिलं पुस्तक आलं १८९० मध्ये. ट्रंकेची गोष्ट मॅगीच्या बाजूने येते. माझ्या मते दोन्हींत भांडण नाही. इतके कागद घरात दोन-तीन ठिकाणी असणारच.

मला त्याहून १८६५ चं प्रकरण बोलकं वाटतं. मॅगीच्या आधी मार्गारेट ओब्रायन नावाची, तीही आयरिशच, बाई होती. ती त्या वर्षी लग्न करून गेली. १८६५ मध्ये एमिलीच्या दोनशेहून जास्त कविता, १८६६ मध्ये दहाच्या आसपास. हे एकच कारण नसेल, पण मॅगी येईपर्यंत घराला कायमची बाई नव्हती. आणि एमिली काही शोभेची मालकीण नव्हती. वडिलांना ब्रेड तिच्याच हातचा लागायचा, १८५६ च्या गावच्या जत्रेत तिच्या ब्रेडला दुसरं बक्षीस मिळालं होतं. भांडी, धुणी, पाणी तापवणं अंगावर आलं की वही कधी उघडणार?

आडगावकर
गोड गोष्ट आहे, पण साखर जरा कमी घाला. १८५१ मध्ये भाऊ ऑस्टिन बॉस्टनला आयरिश पोरांना शिकवत होता. त्याला हीच एमिली थट्टेत लिहिते की त्यातले थोडे मारून टाक, इतके झालेत की अमेरिकनांना जागा उरली नाही. आयर्लंडच्या दुष्काळातून उपाशी आलेल्या लोकांबद्दल ही थट्टा! वडील वकील, अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, निवडून गेलेले. त्या काळी अशा घरांत आयरिश मोलकरणीचं नाव काहीही असो, बोलताना सगळ्या 'ब्रिजेट'. मॅगीला तर भावांकडे कॅलिफोर्नियाला जायचं होतं, तिला डिकिन्सनांनी थांबवून घेतलं. तीस वर्षं राहिली म्हणजे प्रेमाने राहिली, असं मालकांच्या घरचे लोक म्हणतात.

पोळपाट
आडगावकर, थट्टेचं मान्य. पण त्याच बाईने स्वतःच्या अंत्ययात्रेचं काय सांगून ठेवलं होतं तेही बघा. पांढरी शवपेटी मागच्या दाराने निघाली, कोठारातून, शेतातून दफनभूमीकडे. गावातली बडी मंडळी मानाने मागच्या दारापर्यंत. पुढे खांदा दिला तो घरी कामाला असलेल्या सहा आयरिश माणसांनी. त्यांचा म्होरक्या टॉम केली, मॅगीच्या बहिणीचा नवरा. मॅगी १८८२ मध्ये तापाने आजारी पडली तेव्हा एमिलीने तिला लिहिलं की तू नाहीस तर आम्ही सगळे वांडपणा करतोय, आणि सगळ्यात वांड मी. मॅगीला ती घरातला उत्तरेचा वारा म्हणायची, इतकी ती दणदणीत.

आता शेवंतीताईंचा ट्रंकेचा प्रश्न. माझी आई नाशकात एका मोठ्या घरी पोळ्यांना जायची. त्या घरच्या आजी आपलं पोस्टाचं पासबुक आईच्या पिशवीत ठेवायच्या. घरात तीन सुना, दोन कपाटं, किल्ल्या सगळ्यांकडे. पण पोळ्यावालीच्या पिशवीत कोण हात घालणार? आत जुनी साडी आणि शिळी भाजी असणार, हे सगळ्यांना न बघताच ठाऊक. बहिणीचा खण बहीण उघडते. मोलकरणीची ट्रंक उघडायचं कुणाच्या मनातच येत नाही.

निळीशाई
पोळपाट, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नव्हतं.

शेवंती
सगळं लेकीला वाचून दाखवलं, बाळ मांडीवर. विश्वासघात हा शब्द तिने मागे घेतलेला नाही, पण गप्प बसली. मग म्हणाली, "त्या पासबुकाचं पुढे काय झालं ते विचार."

पोळपाट
आजी गेल्या. "कुणाला सांगू नकोस" म्हणून गेल्या होत्या. आईने तेराव्यापर्यंत वाट पाहिली आणि पासबुक आजींच्या मुलीच्या हातात दिलं. पुढच्या एक तारखेपासून सुनांनी आईचं काम बंद केलं.