राजीनामा दिला, तरी नाव तसंच

शिरोली एमआयडीसीतल्या कंपनीच्या डायरेक्टरपदाचा राजीनामा देऊनही पार्टनर डीआयआर-१२ (डायरेक्टर बदलल्याचं कंपनीनं सरकारी रजिस्ट्रारला कळवायचा फॉर्म) भरत नाही, म्हणून तुमचं नाव तसंच राहिलंय, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही दोघंच डायरेक्टर ना? प्रायव्हेट लिमिटेडला किमान २ लागतात, तिथंच घोडं पेंड खात असणार. पण तुमच्या जागी दुसरा माणूस शोधणं ही त्याची डोकेदुखी.

कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे राजीनामा लागू व्हायला पत्र कंपनीला मिळाल्याची किंवा पत्रात लिहिलेली, यातली नंतरची तारीख धरतात. तेव्हापासून ३० दिवसांत डीआयआर-११ (राजीनामा दिलेल्या डायरेक्टरनं रजिस्ट्रारला कळवायचा फॉर्म) तुम्ही स्वतः भरू शकता. पत्र आणि पोहोच जोडा. पत्र नुसतं हातात देऊन "बघतो की" ऐकून आला असाल, तर आजच स्पीड पोस्टानं धाडा, ईमेलही करा.

बँकेला वैयक्तिक जामीन दिलाय का? ते झेंगट राजीनाम्यानं सुटत नाही.