मदत हवी आहे: पूलचा टायमिंग कन्सोल आणि लाइव्ह स्कोअरचं सॉफ्टवेअर जुळेना, रविवारी स्पर्धा आहे

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. मी सांगलीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान चालवतो, पोरगी स्विमिंगला जाते एवढाच माझा नि पाण्याचा संबंध. पण कोच सरांनी "तुमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे की ओ" म्हणून माझ्या गळ्यात मारलंय ते असं. २५ मीटरचा पूल, ६ लेन, प्रत्येक लेनच्या भिंतीला टचपॅड (पोहणारा टेकला की टाइम थांबवणारी पाटी) आणि टाइमकीपरच्या हातात बटणं. कन्सोल जुना, दुसऱ्या एका क्लबकडून उसना आणलेला. पाठीमागे दोन आउटपुट आहेत, एक ९ पिनचं कॉम्प्युटरसाठी आणि एक स्कोअरबोर्डसाठी. ९ पिनवाल्याला यूएसबी कन्व्हर्टर लावून मीट मॅनेजर (स्पर्धेची नावं आणि निकाल ठेवणारं सॉफ्टवेअर) चाललं, रेस संपली की टाइम येतात, छान. आता पालकांना भिंतीवर प्रोजेक्टरने चालता टाइम आणि लेनचे आकडे दाखवायचेत, त्यासाठी वेगळं लाइव्ह स्कोअरचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर टाकलं तर ते म्हणतंय पोर्ट आधीच वापरात आहे. मग दुसरा कन्व्हर्टर घेऊन स्कोअरबोर्डच्या आउटपुटला माझीच केबल बनवून लावली, तर नुसता कचरा, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं. केबल पूलपासून वरच्या ऑफिसपर्यंत साधारण ३० मीटर, नेटवर्कचीच वायर वापरलीय. पोर्टचं सेटिंग ९६०० वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप असं ठेवलंय.
अजून एक, सॉफ्टवेअरमध्ये टाइमला तीन दशांश दाखवायचा ऑप्शन आहे, तो चालू ठेवू का? पालक लोकांना लई आवडेल असं सरांना वाटतंय. रविवारी सकाळी ८ ला पहिली हीट (फेरी) आहे. जो सोडवेल त्याला भडंगाचा पुडा घरपोच, सांगलीकराचा शब्द आहे.

कोपऱ्यातला
मोबाईल कन्सोलच्या स्क्रीनपुढं धरा आणि व्हिडिओ कॉल प्रोजेक्टरवर टाका. भडंग कधी पाठवताय?

सिरीयलवाला_मिरज
वरच्या दादांचं ऐकू नका, पॅडचा टाइम एका झटक्यात येतो आणि कॅमेरा नेमका तेव्हाच फोकस शोधत बसतो.
पोर्टचं आधी सांगतो. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, हे तुमच्या सॉफ्टवेअरचं दुखणं नाही. त्याच पोर्टवर दोघांना बसवायचं असेल तर कॉमझिरोकॉम आणि हबफोरकॉम अशी फुकट साधनं आहेत, खोटे पोर्ट तयार करून एकाचा डेटा दोघांना वाटतात. पण तुम्हाला त्याची गरजच नाहीये. मीट मॅनेजरला लागतो रेस संपल्यावरचा रिझल्ट, आणि प्रोजेक्टरला लागतो चालता टाइम. हे दोन वेगळे प्रवाह आहेत, म्हणूनच कन्सोलला दोन आउटपुट दिलीत. दुसरा कन्व्हर्टर घेतलात ते बरोबरच केलंत.
आता कचऱ्याचं. स्कोअरबोर्डचा डेटा म्हणजे वाचायची अक्षरं नसतात, कुठल्या लेनच्या कुठल्या घरात कुठला आकडा हे कोडमध्ये सतत वाहत असतं. तो पुटीमध्ये (पोर्टवर येईल ते जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलात तर सेटिंग बरोबर असलं तरी कचराच दिसणार. पण तुमचं सेटिंगही मला बरोबर वाटत नाही. जुन्या कन्सोलांमध्ये स्कोअरबोर्डच्या लाइनला बऱ्याचदा ईव्हन पॅरिटी असते. मॅन्युअल बघा, नसेल तर नुसती पॅरिटी बदलून लाइव्ह सॉफ्टवेअरमध्ये बघा, पुटीमध्ये नको.
आणि त्याआधी कन्व्हर्टर जिवंत आहे का ते तपासा. त्याची पिन २ आणि ३ एका तारेने जोडा, पुटीत काहीतरी टाइप करा, टाइप केलेलं परत उमटलं तर कन्व्हर्टर ठीक. नाही उमटलं तर बाजारात नकली चिपचे शेकड्याने फिरतात, एफटीडीआय कंपनीच्या चिपचा घ्या.

विश्रामबागकर
वा, याला म्हणायचं उत्तर. तार जोडली, उमटलं. तुम्ही मिरजेचे, मी सांगलीचा, जवळ असून ओळख नाही बघा. पॅरिटी ईव्हन केली, एक क्षण सगळ्या लेनचे आकडे आले आणि परत उड्या मारायला लागले, मग पूलच्या फिल्टरची मोटर बंद झाली आणि आपोआप नीट झालं. भूतबाधा आहे का काय?

सिरीयलवाला_मिरज
भूत नाही, ३० मीटर वायर. आरएस-२३२, म्हणजे तुमच्या कन्सोलच्या पोर्टची पद्धत, साधारण १५ मीटरपर्यंतच बेतलेली असते, त्यापुढं मोटर सुरू झाली की तिचा गोंधळ वायरीत शिरतो. लॅपटॉप कन्सोलशेजारी नेऊन एक मीटरच्या केबलने बघा. तिथं स्थिर राहिलं तर दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे कन्व्हर्टर लावा, ते हजार-बाराशे मीटरपर्यंत जातं आणि तुमचीच नेटवर्कची वायर चालेल, फक्त एकाच गुंडाळीची जोडी घ्या, नारंगी आणि नारंगी-पांढरी अशी. नाहीतर लॅपटॉप खालीच ठेवा आणि प्रोजेक्टरला वायफायने चित्र पाठवा, हे सगळ्यात स्वस्त. लॅपटॉप खाली ठेवणार असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, ओल्या फरशीवर २३० व्होल्टचं एक्स्टेंशन बोर्ड दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलाय का तेवढं इलेक्ट्रिशियनला विचारा.

घड्याळवाले_काका
तीन दशांशाचं मी सांगतो. बंद ठेवा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकला ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांचा टाइम शंभराव्या भागापर्यंत एकच, ४:३१.९८. मग हजारावा भाग काढून लार्सनला दोन हजारांशाने सुवर्ण दिलं. पुढं लोकांच्या लक्षात आलं की भिंत बांधणारा गवंडी एवढा अचूक नसतो, लेनमध्येच मिलिमीटरचा फरक पडतो. तेव्हापासून शंभरावा भागच धरतात, सारखा आला तर दोघांना एकच नंबर. उद्या एखादा बाप हजारावा आकडा दाखवून भांडायला आला तर सरांना पुढं करा.
आणि कन्सोल उसना आहे म्हणता, तर प्रत्येक लेनला हातातली घड्याळं ठेवाच. तिघांची असतील तर दोन जुळले की तोच टाइम, तिन्ही वेगळे आले तर मधला. पॅड दगा देतं ते नेमकं फायनलला. लहान पोरं हळू टेकतात, पॅडला जोर लागत नाही आणि रेस चालूच राहते, तेव्हा बटणवाल्यांनी पॅडच्या भरवशावर न राहता बटण दाबायचंच.

विश्रामबागकर
काका, पॅडचं आज उलटंच घडलं. ४ नंबरच्या लेनला पोहणारा अजून मधेच होता आणि टाइम थांबला.

घड्याळवाले_काका
शेजारच्याची लाट बसली असेल किंवा पॅड भिंतीला नीट टेकलं नसेल. काढून परत बसवा, वरची पट्टी घट्ट करा. पॅडचा साधारण ३० सेंटिमीटर भाग पाण्यावर आणि ६० पाण्याखाली राहिला पाहिजे, पाणी भरून पातळी वाढलीय का बघा.

विश्रामबागकर
शनिवार रात्र, अपडेट. पॅड बसवलं, पाण्याची पातळी खरंच चढली होती. लॅपटॉप खाली, बॅटरीवर, छत्रीखाली. दोन्ही प्रोग्रॅम दोन पोर्टवर, पण दुसरा पोर्ट कॉम १४ म्हणून आला होता आणि लाइव्ह सॉफ्टवेअरच्या यादीत ९ च्या पुढं काही नव्हतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कॉम ४ केला. मोटर चालू, आकडे स्थिर. फक्त ट्रायलमध्ये दुसऱ्या हीटचे टाइम पहिल्या हीटच्या पोरांच्या नावावर बसले.

सिरीयलवाला_मिरज
कन्सोलवरची इव्हेंट आणि हीट पुढं ढकलायची राहिली असेल. दोन्हीकडचे नंबर एकच हवेत. मीट मॅनेजरमधून इव्हेंटची यादी आधी कन्सोलमध्ये उतरवून घ्या आणि स्टार्टरच्या शिट्टीआधी एका माणसाने नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कन्सोलवर बघून "बरोबर" म्हणायचं.

विश्रामबागकर
माझ्या बायकोला तो वाचायचा माणूस करतो, तिचा आवाज समोरच्या गल्लीत जातो. आणि डीक्यू (पोहणारा बाद) भिंतीवर आपोआप येतं का?

घड्याळवाले_काका
नाही. पॅडला फक्त टेकलेलं कळतं, बटरफ्लायला एका हाताने टेकलं हे जजच बघतो. रेफरीच्या सहीची चिठ्ठी हातात येईपर्यंत डीक्यू टाकायचा नाही, आणि तोपर्यंत भिंतीवर नंबर दाखवायची घाईही करू नका.

कोपऱ्यातला
माझ्या भडंगाचं काय झालं?