पूर ओसरल्यावर संरक्षक भिंतीखालची कड ढासळते आहे, तातडीने मदत हवी

मळीकाठ: पलूस तालुक्यातील आमच्या कृष्णाकाठच्या गावात पूरसंरक्षक भिंतीसमोरची कड दर पावसाळ्यानंतर ढासळत असून आता भिंतीचा पाया उघडा पडला आहे. काहींना जाळीबंद दगड हवे आहेत, तर काहींना भिंतीची उंची वाढवून हवी आहे. ग्रामसभा सोमवारी आहे. कोणता ठराव मांडावा?

निवृत्त अभियंता: नदीच्या वळणाची बाहेरची बाजू आहे की आतली? कड भर पुरात ढासळते की पाणी उतरताना? हे समजल्याशिवाय उत्तर देणे योग्य होणार नाही.

वाळवेकर: बांबू लावा. आमच्या ओढ्याची कड बांबूनेच धरून ठेवली आहे. सिमेंटवर पैसा घालवू नका.

मळीकाठ: बाजू बाहेरची आहे. पाणी झपाट्याने उतरू लागले की मळीला (नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला) लांबच लांब भेगा पडतात आणि जमिनीचे पट्टेच्या पट्टे नदीत जातात. ठरावाचे सांगा, वेळ कमी आहे.

हरिपूरचा रहिवासी: मूळ प्रश्न कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा आहे. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आधी धरणाचे बोला.

निवृत्त अभियंता: पाणी किती चढते हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु येथे कड पाणी उतरताना जात आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह वेगवान आणि खोल असल्यामुळे तो कडेचा तळ खरवडतो; वरची माती पुराचे पाणी पिऊन जड झालेली असते, आणि नदी उतरताच तिला बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार नाहीसा होतो, म्हणून ती सरकते. अशा कडेवर भिंतीची उंची वाढवणे म्हणजे सरकत्या मातीवर आणखी वजन टाकणे होय. त्या ठरावाला माझा स्पष्ट विरोध राहील. वाळवेकर, बांबूची मुळे वरची माती धरतात, पण नदीच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत.

वाळवेकर: मुळांनी माती धरली तर भेगा तरी कमी पडतील. जाळीची तार गंजते आणि पुरातले ओंडके आदळून तुटते, हेही लिहा.

निवृत्त अभियंता: तारेबाबतचे म्हणणे मान्य आहे. म्हणूनच तळाशी मोठ्या दगडांचा रुंद थर पसरावा, म्हणजे पुढे तळ खरवडला गेला तरी दगड खाली घसरून तो खड्डा झाकतील. कडेच्या उतारावर दगडांखाली गाळणीचा थर नसेल तर माती फटींतून निघून जाईल. मागे साचलेले पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीला पाझर छिद्रे असावीत, आणि कामाची दोन्ही टोके पक्क्या काठात शिरवावीत, अन्यथा पाणी मागून वाट काढते. बांबू त्यानंतर, वरच्या उतारावर. भिंतीखालून उपसा योजनेची पाइपलाइन जाते का?

मळीकाठ: हो, दोन जातात. जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर) शेजारीच आहे. सर्वांना ठाऊक असल्याने लिहिले नव्हते.

निवृत्त अभियंता: मग ठरावाचे पहिले कलम तेच ठेवा. पाइपभोवतीची माती नीट दाबलेली नसेल तर पुराचे पाणी पाइपच्या कडेने भिंतीमागे शिरते आणि आतून माती वाहून नेते. तेथे ओल किंवा खड्डा आहे का, ते ग्रामसभेपूर्वी पाहून छायाचित्र टाका. नदीतळाची मोजणी झाल्याशिवाय दगडांच्या थराची लांबी-रुंदी ठरवू नये, हेही ठरावात लिहा.