मदत हवी आहे: ४०७ ची चासी, कमानपाट्याच्या ब्रॅकेटमागचा गंज

जुनी टाटा ४०७ (छोटा ट्रक). चासीचा उघडा भाग सोपा: वायर ब्रश, इपॉक्सी प्रायमर, वर चासी ब्लॅकचे २ हात. अडलंय ते मागच्या कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंग) ब्रॅकेटपाशी. ब्रॅकेट आणि चॅनलच्या (चासीची लांब तुळई) फटीत गंज फुगलाय, हातोडी ठोकली की पापुद्रे पडतात. ब्रश आत जात नाही.

रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा स्थिर थर करणारं रसायन) मारला तर त्यावर झिंक प्रायमर वाया, त्याला कोरं लोखंडच लागतं. रबर कोटिंग नकोच. तडा गेला की पाणी आत कोंडतं. मग रिबिटा काढून सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज उडवणं), की फट सुकवून पातळ कॅव्हिटी वॅक्स (फटीत झिरपणारं गंजरोधक मेण)? भोसरी-चाकणकडे हौदा न उतरवता ब्लास्टिंग करणारं कोणी आहे का? जूनआधी उरकायचंय.