कवठ चटणीत खा, शुगरवर विकू नका

पंचवटीकर
महाशिवरात्रीच्या आधी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात कवठांचे ढीग लागतात, हे नाशिककरांना सांगायला नको. यंदा एका ढिगाशेजारी कवठाच्या पावडरीची पाकिटं मांडलेली, वर पाटी: ‘शुगर, बीपी, किडनी, एकच उपाय’. लोक अख्खं फळ हातात घेऊन खाली ठेवत होते आणि पाकीट पिशवीत टाकत होते.

माझं मत सरळ आहे. कवठ हे खायचं फळ आहे, ते तसंच विकलं पाहिजे. घरातली चटणी सुटली, आणि आता औषध म्हटल्याशिवाय कोणी त्याला हात लावत नाही. पाटीवाल्याला विचारलं तर म्हणाला, आयुर्वेदात कपित्थाष्टक चूर्ण आहे ना! आहे की. पण ते जुलाब आणि संग्रहणीवर, आणि त्यात आठ भाग कवठाला सहा भाग साखर. हे दाखवून शुगरचं गिऱ्हाईक पकडायचं म्हणजे हद्द झाली.

वैद्य_कॉलेजरोड
राग पाकीटवाल्यावर आहे ना, मग तो कवठाच्या औषधीपणावर कशाला काढता? पोट सैल झालं की कवठ द्यायचं हे अनुभवाचं ज्ञान आहे. चरकसंहितेत कच्चं कवठ ग्राही, म्हणजे मळ बांधणारं, पण घशाला वाईट आणि पिकलेलं रुची आणणारं, असा स्पष्ट फरक केलाय. ‘फक्त फळ आहे’ म्हणून हे सगळं मोडीत काढणं हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा झाला. शिवाय ज्याला मुळातच मलावरोध आहे त्याने कच्चं कवठ खाऊ नये, हेही तेच शास्त्र सांगतं. पाकिटावर हे छापलं होतं का?

पंचवटीकर
वैद्यराज, तेच तर म्हणतोय! नव्हतं छापलेलं.

सिडकोची_सून
आमच्या सासऱ्यांनी असल्याच एका पावडरीच्या भरवशावर शुगरची गोळी बंद केली होती. चक्कर येऊन पडले तेव्हा घरच्यांना कळलं. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा ‘मधुमेह बरा करतो’ अशी औषधाची जाहिरातच करू देत नाही, पण हातगाडीवर कोण बघतंय? ‘अनुभवाचं ज्ञान’ वगैरे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं, वैद्यकाका. तुम्ही जबाबदारीने बोलता, पण तुमचेच शब्द उचलून ते लोक धंदा करतात.

बांधावरचा
शहरातल्या मंडळींना दुसरी बाजू सांगतो. सिन्नरकडे आमच्या बांधावर जुनी कवठं आहेत. पाणी मागत नाहीत, मुरमाड जमिनीत उभी आहेत. पण बी लावून आलेल्या झाडाला फळ धरायला दहा-पंधरा वर्षं जातात, म्हणून नवीन कोणी लावत नाही. शिवरात्र झाली की व्यापारी फोनही उचलत नाही. उरलेला माल कोण नेतो? तोच पावडरवाला. तुम्ही वर्षातून एकदा चटणी करणार आणि झाडाने बारा महिने बांध अडवायचा? सावलीने पीक दबतं म्हणून भाऊ दरवर्षी कुऱ्हाड काढतो. पावडरीचे पैसे दाखवून मी त्याला थांबवतो.

सुगरण_इंदिरानगर
शिवरात्रीलाच का करता पण चटणी? कवच टणक असतं, फळ आठवडे टिकतं. आधी पिकलंय का ते बघा: वीतभर उंचीवरून फरशीवर सोडायचं, उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. मग फोडायचं. तपकिरी गर निघतो, चिकट, आंबूस वासाचा. त्यात बिया असतात, काही जण त्या तशाच ठेवतात, मी गर चाळणीवर घासून घेते. गूळ आंबटपणा बघून, मीठ, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड. उपास नसेल तर लसणाची पाकळी. फोडणी घालणाऱ्यांशी माझं पटत नाही, त्याने कवठाचा वासच मरतो.

आणि भाऊ, कवठात पेक्टिन भरपूर असतं, जेली बाहेरचं काही न घालता जमते. बचत गटाच्या बायकांना हाताशी धरा, पावडरवाल्याच्या पाया कशाला पडायचं?

वैद्य_कॉलेजरोड
जेलीत साखर किती, ते सूनबाईंना सांगा म्हणजे झालं :)

सिडकोची_सून
काका, जेलीच्या बाटलीवर ‘शुगर घालवते’ असं कोणी लिहीत नाही. लिहिलं तर तिच्याशीही भांडेन.

बांधावरचा
ताई, जेली ऐकायला बरी वाटते. बाटल्या, परवाना, झाकणं, आणि विकायला नाशिकला खेप. फोडायचं काम तर विचारूच नका, कवच फोडता फोडता हात सोलून निघतात. पावडरवाला बांधावर येतो, गोणी मोजतो, रोख देतो. उद्या जेलीवाली आली तर तिलाही देईन. पाटीवर काय लिहायचं ते घेणारा बघेल.

पंचवटीकर
पाटीवर काय लिहितात यावरच तर सगळं भांडण आहे, भाऊ. तुमच्या गोणीतलं कवठ चोख आहे. पण सासरे पडले ते पाटी वाचून. पुढच्या वेळी गोणी देताना तेवढं विचारा, काय म्हणून विकणार ते. आणि शिवरात्रीनंतर उरलेला माल इकडे कळवा, आमच्या गल्लीतून पाच-दहा घरं तरी घेतील.

बांधावरचा
विचारतो. पण तो खरं सांगेल याची हमी माझ्याकडून नाही. कवठं मात्र कळवतो, न्यायला गाडी तुमची.