'शक्यता आहे'चं इंग्रजी : लाइकली, एक्स्पेक्टेड की अँटिसिपेटेड?

मुठाकाठ
आमची सोसायटी पुण्यात, नदीला अगदी लागून. खडकवासल्याच्या सांडव्यातून पाणी सोडलं की मराठी सूचना येते. ती इंग्रजीत करून ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे आहे, कारण इथली बरीच कुटुंबं तमिळ, मल्याळी, बंगाली आहेत. सूचनेचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: 'पावसाच्या प्रमाणानुसार व येव्यानुसार विसर्ग कमी-जास्त होण्याची शक्यता आहे.' (येवा म्हणजे धरणात येणारं पाणी, विसर्ग म्हणजे सोडलेलं.) मी लिहिलं, 'डिस्चार्ज इज लाइकली टू चेंज'. समितीतल्या काकांनी ते बदलून 'अ चेंज इज अँटिसिपेटेड' केलं. त्यांच्या मते लाइकली हा बोलण्यातला शब्द आहे, लेखी सूचनेत शोभत नाही. त्यावर दुसऱ्या एकांनी सांगितलं की अँटिसिपेटचा अर्थच वेगळा आहे. बरोबर काय? तळमजल्यावरची माणसं हे वाक्य वाचून गाडी हलवायची की नाही ते ठरवतात, म्हणून नीट विचारतेय.

तळटीप
काकांचा बदल चुकीचा आहे. लॅटिनमध्ये 'आन्ते' म्हणजे आधी आणि 'कापेरे' म्हणजे धरणे, घेणे. अँटिसिपेटमध्ये नुसती कल्पना नसते, पुढचं ओळखून आधीच काही केलेलं असतं. पाणी वाढेल असं वाटणं हे एक्स्पेक्ट. ते वाढायच्या आत पार्किंगमधली पाण्याची मोटर वर उचलून ठेवणं हे अँटिसिपेट. धरणाच्या सूचनेत 'चेंज इज अँटिसिपेटेड' लिहिलं तर आपण बदलासाठी तयारी केली आहे, असा अर्थ निघू शकतो.
लाइकली बोलण्यातला शब्द आहे, हे तर मुळीच खरं नाही. 'इज लाइकली टू' ही शुद्ध लेखी इंग्रजी रचना आहे. कुरकुर होते ती 'इट विल लाइकली रेन' या क्रियाविशेषणाच्या वापरावर. अमेरिकेत ते सर्रास लिहितात, ब्रिटिश कानाला मात्र आधी 'व्हेरी' किंवा 'मोस्ट' लागतं.

चालू_भाषा
तळटीप सर, अँटिसिपेट हा शब्द 'अपेक्षिणे' या अर्थानं अठराव्या शतकापासून लिहिला जातोय. आजचे सगळे मोठे कोश तो अर्थ देतात. लॅटिन धातू काढून आजच्या माणसाला चूक ठरवायचं तर मराठीतले निम्मे शब्द रद्द करावे लागतील. 'होपफुली' हा शब्द 'आशा आहे की' या अर्थानं वाक्याच्या सुरुवातीला लिहायचा नाही म्हणून अशीच वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं २०१२ मध्ये तो वापर मान्य केला.

तळटीप
कोश वापराची नोंद ठेवतो. लिहिणाऱ्यानं निवड करायची असते. एक्स्पेक्ट हा साधा शब्द हाताशी असताना अँटिसिपेट केवळ भारदस्त वाटतो म्हणून घ्यायचा, यानं भाषेतली एक उपयोगी छटा आपण घालवतो. मला त्याचं वाईट वाटतं, मग कोश काही म्हणो.

जुना_सांडवा
पाटबंधाऱ्यात नोकरी झाली आहे, म्हणून दोन शब्द. त्या वाक्यातली 'शक्यता' म्हणजे अंदाज नव्हेच. पावसाळ्यात कोणत्या तारखेला जलाशय किती भरलेला ठेवायचा हे आधी ठरलेलं असतं. पातळी त्याच्या वर जायला लागली की जादा पाणी सोडायचं. येवा वाढला की विसर्ग वाढतो, येवा घटला की दरवाजे खाली येतात. वाक्यात 'कमी-जास्त' आहे ते लक्षात घ्या. खालच्या लोकांना सांगायचंय ते एवढंच की आत्ता दिलेला क्यूसेकचा आकडा कायम धरून बसू नका. त्याला इंग्रजीत साधं 'मे' पुरेल: 'मे बी इन्क्रीज्ड ऑर रिड्यूस्ड'. लाइकली लिहिलंत तर आम्ही भाकीत केल्यासारखं होतं.

मुठाकाठ
सांडवा काका, हे पटतंय. पण 'मे' वाचून लोक सूचना गांभीर्यानं घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून इथल्या लोकांना ठाम शब्द हवा असतो.

अनुवादघर
मग शब्दाच्या जागी आकडा द्या. शब्दावर विसंबण्यातला धोका अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात १९५१ मध्येच दिसला होता. युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असं एका अहवालात लिहिलं गेलं. तिथले विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ हल्ला होण्याच्या बाजूनं साधारण ६५ विरुद्ध ३५ असा होता. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो धोका बराच कमी वाटला होता. मग केंट यांनी अहवाल मंजूर करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, तर कोणाच्या मनात ८० टक्के, कोणाच्या मनात २०! एकाच वाक्यावर सगळ्यांची संमती होती. १९६४ च्या लेखात केंट यांनी शब्दांना आकडे लावून दाखवले. 'प्रॉबेबल' म्हणजे ७५ टक्क्यांच्या आसपास, वगैरे.
आणि आज? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या हवामानबदलावरच्या अहवालांत लाइकली म्हणजे किमान ६६ टक्के, व्हेरी लाइकली म्हणजे किमान ९०. आपल्या हवामान विभागाच्या पत्रकांत खाली तक्ता असतो, त्यात लाइकली म्हणजे २५ ते ५० टक्के आणि व्हेरी लाइकली म्हणजे ५० ते ७५. दोन्ही कागद इंग्रजीत, दोन्ही आभाळाबद्दल. तिरुवनंतपुरमहून आलेल्या तुमच्या शेजाऱ्यानं लाइकली वाचून यातलं कुठलं समजायचं?

चालू_भाषा
हे भारी आहे. म्हणजे आपल्याकडचं लाइकली हे अनलाइकलीच्याही जवळ जातं.

अनुवादघर
आयपीसीसीच्या मोजपट्टीत अनलाइकली ३३ टक्क्यांपर्यंत आहे, त्यामुळे काही भागात खरोखरच तसं होतं. 'मुसळधार पावसाची शक्यता' या बातमीचं इंग्रजी करताना मी म्हणूनच मूळ इंग्रजी पत्रक उघडून बघते. मराठीत 'शक्यता' आणि 'दाट शक्यता' या दोनच पायऱ्या सगळीकडे वापरल्या जातात.

गोदातीर
एक्स्पेक्ट आणि अपेक्षा हे एकच शब्द आहेत हे कोणाच्या लक्षात आलं का? अप-ईक्षा, एक्स-पेक्ट. दोन्हींत वाट पाहणं आहे. त्यामुळे 'अपेक्षित आहे' म्हणजे एक्स्पेक्टेड, प्रश्न मिटला.

तळटीप
नाही हो. एक्स्पेक्टमध्ये लॅटिन 'स्पेक्तारे' आहे आणि त्याचा संस्कृत भाऊबंद 'पश्यति'मधला 'पश्'. अपेक्षेतला 'ईक्ष्' हा 'अक्षि', म्हणजे डोळा, याच्या घराण्यातला. दोघेही पाहतात, पण घराणी वेगळी.
शिवाय मराठीत अपेक्षेला हक्काचा वास असतो. 'सुनेकडून अपेक्षा' म्हणतो तशी. 'पूर अपेक्षित आहे' हे माझ्या कानाला विचित्र लागतं. पुराची भीती असते.

गोदातीर
इंग्रजी एक्स्पेक्टलाही तो वास आहेच की. 'यू आर एक्स्पेक्टेड टू अटेंड' ही काय हवामानाची बातमी आहे? घराणी वेगळी असतील, स्वभाव सारखाच.

चालू_भाषा
शब्द हवाच तर लाएबल घ्या, त्यात अनिष्टाची सूचना असते. 'द लेन इज लाएबल टू फ्लड'. 'एप्ट टू' नको, तो सवयीचा शब्द.

जुना_सांडवा
गल्लीला चालेल. विसर्गाला नाही, विसर्ग कमी होणं अनिष्ट कसं?

पाटीपेन्सिल
मी इंग्रजी शिकवते. मुलांची अडचण या शब्दांत नसते, क्रियापदात असते. मराठीत 'पाऊस येणार' आणि 'पाऊस येईल' यांत स्पष्ट फरक आहे. 'णार'मध्ये बोलणारा खात्री देतो, 'ईल'मध्ये अंदाज करतो. 'गाडी पाचला येणार आहे' हे वेळापत्रक, 'येईल पाचपर्यंत' हा दिलासा. मुलं दोन्हींना 'विल' लावतात आणि खात्री कमी दाखवायला पुढे 'आय थिंक सो' जोडतात: 'आय थिंक सो इट विल रेन'. तो 'सो' आपल्या 'मला असं वाटतं की'मधला 'असं' आहे. व्याकरण सांगून तो जात नाही. हे दाखवलं की जातो.

तळटीप
उत्तम निरीक्षण. म्हणजे सूचनेत मुळात 'विसर्ग वाढवण्यात येईल' असतं तर तोही अंदाजच?

पाटीपेन्सिल
सरकारी भाषेत 'येईल' म्हणजे हुकूम. 'दंड करण्यात येईल' यात कसला अंदाज?

पूर्णाकाठ
अकोल्याकडे आम्ही 'पाऊस येईन' म्हणतो. तिथे तुमचा 'ईल' नाही, तरी अंदाज तोच.

तळटीप
'येईन' हे प्रथमपुरुषी रूप आहे. 'मी येईन', 'पाऊस येईल'. लेखी मराठीत ते चूकच.

पूर्णाकाठ
लेखी मराठी कोणाच्या बोलण्यावरून ठरवली, सर? आमच्याकडे शेतकरी पेरणी करायची की थांबायचं हे 'येईन'वरच ठरवतो, आणि त्याला अर्थ बरोबर कळतो.

मुठाकाठ
आत्ता नवीन सूचना आली आहे. 'मे बी इन्क्रीज्ड ऑर रिड्यूस्ड' लिहिलं, खाली आत्ताचा क्यूसेकचा आकडा आणि वेळ टाकली, आणि गाड्या वर घ्या असं वेगळ्या ओळीत लिहिलं. समितीतल्या काकांना अजून अँटिसिपेटेडच हवंय.

पूर्णाकाठ
तळटीप सर, उत्तर राहिलं तुमचं.