अर्नेस्ट रँग्लिनला स्मूथ जॅझ म्हणायचं का?

सहावी_तार:
दोन वर्षं गिटार शिकतोय. परवा अर्नेस्ट रँग्लिनचा 'बिलो द बेसलाइन' हा अल्बम हाती लागला आणि तेव्हापासून दुसरं काही लावलेलंच नाही. ऐकायला इतका मऊ की स्मूथ जॅझच वाटतो, पण खाली ठेका रेगेचा. हा वादक मूळचा कुठला? आधी काय करायचा? आणि आणखी काय ऐकू?

जुनी_तबकडी:
मऊ आहे, पण गुळगुळीत नाही! माझं अर्धं आयुष्य या माणसाला ऐकण्यात गेलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

जन्म १९३२, जमैकातल्या मँचेस्टर परगण्यातला. अमेरिकन जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या गिटारनं झपाटलेला. पोरवयातच किंग्स्टनच्या नाचाच्या वाद्यवृंदांत शिरला. पुढे स्का, म्हणजे रेगेच्या आधीचं जमैकन संगीत, जन्माला आलं तेव्हा हा स्टुडिओतच होता. १९६४ मध्ये जमैकन गायिका मिली स्मॉलचं 'माय बॉय लॉलिपॉप' इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याची वाद्यरचना याची. गाणं जगभर वाजलं, नाव झालं मिलीचं. वाद्यरचना करणाऱ्याला कोण विचारतो? त्याच वर्षी लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात तो जॅझ वाजवत होता. एकाच माणसाची ही दोन्ही कामं, हे मला अजून पचत नाही.

तुम्ही ऐकताय तो अल्बम १९९६चा, म्हणजे साठी उलटल्यावरचा. पियानोवर माँटी अलेक्झांडर, तोही जमैकाचाच. ड्रमवर इद्रिस मुहम्मद, न्यू ऑर्लिन्सचा. 'सर्फिन' लावा आणि फक्त उजव्या हाताकडे कान द्या. सूर लोण्यासारखे येतात, पण प्रत्येक सूर ठेक्याशी जरा खोडी काढून मगच जागेवर बसतो. स्मूथ जॅझमध्ये मला नेमकी हीच खोडी सापडत नाही. (त्यातल्या चाहत्यांनी रागावू नये. माझ्याकडेही त्या तबकड्या आहेत, पाहुणे आले की लावतो.)

सहावी_तार:
खोडी म्हणजे नक्की काय? मी 'सर्फिन'बरोबर वाजवून पाहिलं, सूर बरोबर येतात पण सगळं सपाट वाटतं.

मधली_मात्रा:
आधी सूर सोडा. पायानं एक-दोन-तीन-चार धरा आणि गिटारचा फटकारा पाय वर उचलला जाईल तेव्हा मारा. फटकारा मारल्या मारल्या डाव्या हाताची बोटं सैल करायची, म्हणजे तारा लगेच मुक्या होतात. स्काचा तो 'चक' असाच निघतो. मला हे जमायला महिना लागला, आणि त्या महिन्यात घरचे माझ्याशी जेमतेम बोलत होते.

जुनी_तबकडी:
बरोबर. तो 'चक' अंगात मुरला की मग एकेरी सूर घ्या. आणि पुढे १९९८चा 'इन सर्च ऑफ द लॉस्ट रिद्दिम' ऐका. सेनेगलला जाऊन तिथला गायक बाबा माल आणि तिथल्या वादकांबरोबर केलेला. मला तर तो 'बिलो द बेसलाइन'पेक्षाही सरस वाटतो, पण हे फारसं कुणी मान्य करत नाही.

सहावी_तार:
पाय वर, फटकारा, तारा मुक्या. अर्ध्या तासात मनगट दुखायला लागलं. 'रिद्दिम' आज रात्री.